'देव नाही' हे मी का सिद्ध करत बसू?

लिफ्टग्रस्त (नेरुळ): रविवारी सोसायटीची मीटिंग होती. लिफ्ट महिन्यात तीनदा अडकली, त्यात एकदा मी आणि दुधाच्या दोन पिशव्या, चौथ्या-पाचव्याच्या मधे, २५ मिनिटं. तर कुणीतरी काढलं की बिल्डिंगची शांत करून घेऊ, फ्लॅटमागे ५०० रुपये. मी विचारलं की शांत केल्याने मोटर सुधारते याला पुरावा काय, तर सेक्रेटरी काका म्हणे "देव नाही हे तू सिद्ध कर, मग बोल." सगळे हसले, आणि मला उत्तर सुचलं ते नेहमीप्रमाणे घरी आल्यावर. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९५२ मधेच लिहून ठेवलंय, पृथ्वी आणि मंगळाच्या मधे एक चिनीमातीची किटली सूर्याभोवती फिरतेय, दुर्बिणीत पण दिसणार नाही एवढी छोटी. ती नाही हे दाखवता येत नाही, म्हणून आहे म्हणायचं का?

नौपाडाकर: किटली ऐकून कान किटले. तुमचं बरंय, स्वतः काही मांडायचं नाही, समोरच्याला परीक्षेला बसवायचं आणि पेपर पण तुम्हीच काढायचा. माझी आजी रोज कोपिनेश्वरच्या देवळात जायची, कधी कुणाला पटवायला गेली नाही, तिने कसला पुरावा द्यायचा? आणि 'देव नाही' हा पण दावाच झाला ना.

लिफ्टग्रस्त: मी 'नाही' म्हणालोच नाही, 'पटलं नाही' म्हणालो.

नौपाडाकर: पळवाट.

घटपट (वाशी): पळवाट नाही हो, जुना मुद्दा आहे. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत 'ईश्वरासिद्धेः' आहे, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही. १६व्या शतकात त्याचा भाष्यकार विज्ञानभिक्षू याने त्यावर नेमकं बोट ठेवलं, नाहीच म्हणायचं असतं तर 'ईश्वराभावात्' (ईश्वर नसल्याने) म्हटलं असतं. आणि पलीकडचे न्याय दर्शनाचे उदयनाचार्य बघा, पक्के आस्तिक, पण 'तू नाही सिद्ध कर' म्हणून बसून राहिले नाहीत. मडक्याला कुंभार तसा जगाला कर्ता, असं अनुमान स्वतः मांडलं. मला नाही पटत (कुंभार निदान दिसतो तरी), पण सिद्ध करायचं ओझं उचललं माणसाने.

काळाकोट (ठाणे): जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०१, १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष्य अधिनियमात १०४: जो म्हणतो त्याने शाबीत करायचं. पण खरी गंमत पुढच्या कलमात आहे, दोन्हीकडून कुणीच पुरावा दिला नाही तर जो हरेल, शाबीत करायचा भार त्याच्यावर. आता लावून बघा. आजी कुणाकडे काही मागत नाही, तिला सोडा. काका ५०० मागतायत, कुणीच काही दाखवलं नाही तर पैसे निघत नाहीत, म्हणजे भार काकांवर. उद्या लिफ्टग्रस्त म्हणाला लॉबीतला गणपती हलवा, की भार त्याच्यावर.

नौपाडाकर: श्रद्धेची पण केस केलीत वकीलसाहेब. अहो ते ५०० लिफ्टसाठी नसतातच, त्या निमित्ताने बिल्डिंग एकत्र जेवते.

लिफ्टग्रस्त: मग मीटिंगमधे तसं सांगा ना, जेवणाला मी हजार देतो! असो. आईने परस्पर ५०० भरलेत, पावती माझ्या नावाची आहे.