जाहिराती घेणाऱ्या मराठी पॉडकास्टला ट्रान्स्क्रिप्टची सक्ती हवी का?

अर्धाकान: मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. समोरासमोर असलं की श्रवणयंत्र आणि ओठ मिळून निभावतं, पॉडकास्टला ओठच नसतात. इंग्रजी पॉडकास्ट आता मी वाचते. ॲपलने मार्च २०२४ मध्ये आपोआप होणारी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोललेल्याचा लेखी मजकूर, आणली, पण सुरुवात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशने. मराठीचं काय? माझं मत, जो जाहिराती घेतो त्याने प्रत्येक भागासोबत तपासलेली ट्रान्स्क्रिप्ट द्यायलाच हवी. ऐच्छिक ठेवलं की कुणी करत नाही. अमेरिकेत कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेला डिसेंबर २०२१ मध्ये सिरियसएक्सएम, स्टिचर आणि पँडोरा या पॉडकास्ट ऐकवणाऱ्या सेवांवर दावा लावावा लागला, तोही ट्रान्स्क्रिप्टसाठीच.

माइकवाला: ट्रान्स्क्रिप्ट हवी, सक्ती नको. बोलणारा, एडिट करणारा, टाकणारा मी एकटाच. तासाभराच्या गप्पा टंकायला कसलेल्यालाही चारेक तास जातात. दोघं एकदम बोलले की विचारूच नका. सक्ती आली की मोठे स्टुडिओ तरतील, आम्ही गाशा गुंडाळू.

अर्धाकान: हाताने टंका असं कोण म्हणतंय? मसुदा मशीनचा, दुरुस्ती तुमची.

माइकवाला: करून पाहिलंय. वऱ्हाडातल्या एका आजोबांची मुलाखत फुकटच्या मॉडेलला दिली. ‘काहून रे’चं ‘कान्हा रे’ झालं. ते एकवेळ चालेल. पण आजोबा बोलता बोलता गप्प झाले, तिथे यंत्राने स्वतःच्या मनाने एक आख्खं वाक्य घातलं! हे त्यांच्या नावावर खपवू?

अर्धाकान: म्हणून तर ‘तपासलेली’ म्हटलं.

खडूफळा: कर्णबधिर मुलांना शिकवते, म्हणून मध्ये पडते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या कित्येकांची पहिली भाषा खुणांची असते आणि भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे. लांबलचक मराठी ट्रान्स्क्रिप्ट त्यांना जड जाते. ती द्याच, पण तेवढ्यावर हात झटकू नका. कोण बोलतंय ते नाव हवं, (हसतात), (दार आपटतं) हेही हवं.

टॉकबॅकभक्त: सगळे कानांवरच अडलात. मला दिसत नाही, पॉडकास्ट म्हणजे आमचं हक्काचं माध्यम. परवा एक ॲप उघडलं तर पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोनमधला स्क्रीन रीडर नुसता ‘अनलेबल्ड बटन, अनलेबल्ड बटन’ (बिननावाचं बटण) करत सुटला. मागे जायचं कुठलं आणि भाग डिलीट करायचं कुठलं? दाबा आणि बघा! बटणाला नाव देणं डेव्हलपरचं ओळीभराचं काम, इथे खर्चाचं रडगाणं नको. आणि ट्रान्स्क्रिप्ट मलाही हवी. दीड तासाच्या भागातलं एक औषधाचं नाव शोधताना जीव जातो. फक्त तिचा फोटो काढून टाकू नका, स्क्रीन रीडरला तो कोरा कागद.

कलमबहाद्दर: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ वाचा. श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम व्हावा यासाठी सरकारने उपाय करावेत असं त्यात आहे.

माइकवाला: घ्या! ‘सरकारने’. मग आधी आकाशवाणीपासून सुरू करा.

अर्धाकान: करू दे की, तुम्हाला कुणी थांबवलंय? जुने भाग सोडा, नव्यांपासून द्या. जाहिरात न घेणाऱ्यांना तर मी वरच सोडलंय.

माइकवाला: महिन्याला दोन हजार मिळवणारा आणि लाखांत खेळणारा स्टुडिओ, दोघांना एकच माप? उत्पन्नाची मर्यादा घाला, मग बोलू.

अर्धाकान: घालू. आकडा तुम्ही सांगा.