मदत हवी आहे: भाकरी कमी केली, आता तिखट खायचं कशाशी?

नमस्कार. सोलापुरात राहते. ह्यांना मधुमेह निघाला, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१ आला. वय ४३, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि 'भाकरी-भात निम्म्यावर आणा' म्हणाले. ताटात रिकाम्या झालेल्या जागी काय वाढायचं, ते माझ्यावर सोडलं.

घरात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं. किराणा, भाजी, दूध मिळून महिन्याला नऊ हजार, त्यावर जमत नाही. सकाळी सहाला डबा भरायचा असतो, म्हणून दोन वेगळे स्वयंपाकही होणार नाहीत.

खरी अडचण तिखटाची आहे. आपली आमटी भाकरी कुस्करायला केलेली असते, त्यातलं मीठ-तिखट त्याच हिशोबानं. परवा एकच भाकरी वाढली आणि वांग्याची भाजी दुप्पट. तिसऱ्या घासाला ह्यांना उचकी लागली, कपाळावर घाम, आणि हात आपोआप दुरडीकडे. शेवटी तीन भाकरी झाल्याच. काळं तिखट कमी घातलं तर 'दवाखान्यातलं जेवण' म्हणून ताट सरकवतात.

फ्लॉवरचा भात करून बघितला. किसून कुकरला लावला, एका शिट्टीत लापशी. धाकट्यानं नाकाला हात लावला. बदामाच्या पिठाचा भाव विचारला आणि पुडा परत ठेवला, तेवढ्यात आमची महिन्याची ज्वारी येते. मग वाटलं कडक भाकरी पातळ असते, हलकी असेल. पण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, पीठ तेवढंच. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, मग ती मालदांडी का असेना. आणि कडक भाकरी चुरायला बसलं की किती गेल्या ते कळतच नाही.

तर तिखट तसंच ठेवून भाकरीच्या जागी पोट भरेल असं, स्वस्तातलं काय करता येईल? अंडी चालतात, चिकन रविवारी. सासूबाई अंडंही खात नाहीत.

कडक_उन्हाळा: ताई, भाजीचं नंतर. गोळी नुसती मेटफॉर्मिन आहे की सोबत ग्लिमेपिराइड? पाकिटावर बारीक अक्षरात दोन नावं असतात बघा. ग्लिमेपिराइड असेल आणि एकदम भाकरी-भात तोडला तर साखर खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, घाम, डोळ्यापुढे अंधारी. कारखान्यात मशीनवर उभ्या माणसाला ते परवडणारं नाही. किती कमी करायचं ते डॉक्टरांना विचारूनच करा. तो घाम वांग्याचाच होता ना?

धागा सुरू करणारी: दोन नावं आहेत! तो घाम तिखटाचाच होता, जेवतानाचा. पण उद्या दवाखान्यात जातो. तोवर दोन भाकरींवर थांबले.

उखळातली_चटणी: अगं, तिखट कमी करू नकोस, त्याच्याखाली अळणी काहीतरी घाल. भाकरी तेच काम करते की. कोबी शेवयांसारखा लांब चिर, लोखंडी कढईत चमचाभर तेल, जिरं, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं. मिरची नाही, मीठ नावाला. झाकण ठेवायचं नाही, नाहीतर पाणी सुटतं आणि तुझ्या फ्लॉवरसारखं होतं. ताटात त्याचा ढीग घाल आणि वर रस्सा. बाजूला घट्ट दही. पडवळ, दोडका, मुळ्याचा पाला, काहीही चालतं. मंगळवार बाजारात उठायच्या वेळेला गेलीस तर पालेभाजी निम्म्या भावात मिळते.

वर घालायला म्हाद्या कर. सासूबाईंना येत असेल, त्यांनाच विचार, तेवढंच त्यांना बरं वाटेल. दाणे भाजून भरड कुटायचे, मिक्सरला पीठ होऊ द्यायचं नाही. लसूण ठेचून फोडणीत, कांदा, काळं तिखट, मग कूट आणि पाणी. कडेला तेल सुटेपर्यंत आटव.

येसरकडे मात्र लक्ष ठेव. त्यात भाजलेली धान्यंच असतात. चमचाभरानं बिघडत नाही, पण रस्सा दाट करायला वाटीभर घालत असशील तर भाकरी मागच्या दारानं आत आली. त्याऐवजी तीळ-खोबरं वाट.

हिशोबी: म्हाद्या चांगला, पण दाणे मोजून. १०० ग्रॅम दाण्यांत प्रथिनं २५ ग्रॅम, कर्बोदकं फक्त १६, पण उष्मांक ५६० च्या वर. भाकरी सोडली म्हणून वाटीवाटीनं शेंगा चटणी खाणारे मी बघितलेत, वजन वाढवून बसले. आणि बेसनाचं पिठलं कमी कर्बोदकांचं समजू नका, डाळीच्या पिठातही निम्म्याहून जास्त तीच असतात. स्वस्तात अंडंच. एकात सहा ग्रॅम प्रथिनं. चिकनवाल्याकडे कलेजी-पोटा मागा, चिकनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पोटा चिवट असतो, आधी कुकरला लावून मग तव्यावर काळ्या तिखटात परता, कलेजी शेवटी. मुलांची भाकरी मात्र तोडू नका, त्यांची वाढीची वयं आहेत.

धागा सुरू करणारी: सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कमी केली, घरी साखर तपासून आठवड्यानं आकडे घेऊन या म्हणाले. रात्रीला दीड भाकरी ठरली.

काल कोबी आणि म्हाद्या केला. सासूबाईंनी मला मिक्सर लावूच दिला नाही, स्वतः खलबत्ता घेऊन बसल्या. ह्यांनी आधी कोबी बाजूला सारला, मग म्हाद्या तोंडात जाळायला लागला तसा गुपचूप ओढून घेतला. दीड भाकरीत उठले. पण अकरा वाजता स्वयंपाकघरात डब्याचा आवाज आला. विचारलं तर म्हणे पाणी प्यायला आलो होतो, आणि हातात चिवडा. त्या वेळेला भूक लागली तर काय द्यायचं, तेवढं सांगा. घरात उकडलेली अंडी ठेवली तर सासूबाईंना वास चालत नाही.