मदत हवी आहे : लम्पीवर एम.व्ही.एस्सी.चा (पशुवैद्यकीय पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध करायचा आहे. विषय आणि संस्था कशी निवडावी?

नमस्कार. माझी पशुवैद्यकीय पदवीची आंतरवासिता सध्या चालू आहे. पुढे प्राण्यांच्या विषाणूंवरच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, हे मनाशी पक्के झाले आहे. मात्र कुठे आणि नेमके कशावर, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रश्न ज्यातून आला ती हकिगत आधी सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात गुरांचा विषाणूजन्य लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा मी रावेर तालुक्यातील आमच्या गावी लसीकरण करणाऱ्या पथकाबरोबर गोठ्यागोठ्यांतून फिरत होतो. शेजारच्या काकांच्या गाईला लस दिल्यानंतर नवव्या दिवशी तिच्या मानेवर आणि कासेवर गाठी उठल्या. लशीनेच रोग आणला, असे काकांचे ठाम मत झाले आणि त्यांनी वासराला लस टोचू दिली नाही. गाय वाचली, वासरू दगावले. काकांना त्या दिवशी मी जे उत्तर दिले त्यावर माझाच पुरता विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

नंतर वाचले तेव्हा कळले की संसर्गापासून गाठ दिसेपर्यंतचा काळ काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत असू शकतो आणि लशीचे पूर्ण संरक्षण मिळायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे ती गाय लस देण्यापूर्वीच बाधित झालेली असू शकते, किंवा संरक्षण तयार होण्याच्या आतच तिला गोचीड, डास किंवा चावणाऱ्या माश्यांमार्फत संसर्ग झालेला असू शकतो. परंतु 'असू शकते' या उत्तराने पशुपालकाचे समाधान होत नाही. म्हणून लसीकरणानंतर गाठी उठलेल्या जनावरांच्या खपल्यांमधील विषाणू लशीतला आहे की साथीतला, हे तपासण्यावर प्रबंध करावा असे वाटते. दोन वर्षांत हे होण्याजोगे आहे का?

दुसरा प्रश्न संस्थेचा आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत विषाणुशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, तर मुंबईला परळच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रातून याच विषयाकडे जाता येते. घरच्यांना बरेली फार दूर वाटते. शिवाय माझा रेण्वीय जीवशास्त्राचा पाया कच्चा आहे आणि पेशीसंवर्धन (प्रयोगशाळेत जिवंत पेशी वाढवणे) मी आजवर स्वतःच्या हाताने केलेले नाही. प्रवेशापूर्वीच्या काही महिन्यांत काय शिकून घ्यावे?

प्रतिसाद

आपला प्रश्न चांगला आहे, आणि तो गोठ्यातून आला आहे म्हणून अधिक मोलाचा आहे.

प्रथम हे पाहा की २०२२ मध्ये महाराष्ट्रात गाईंना दिलेली लस लम्पीच्या विषाणूची नव्हती. ती शेळ्यांच्या देवीच्या विषाणूची, म्हणजे गोट पॉक्सची होती. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी यांचे विषाणू इतके जवळचे आहेत की एकाच्या लशीने दुसऱ्यापासून संरक्षण मिळते. नेमक्या याच कारणाने रक्तजलातील (सीरममधील) प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडी तपासून लस आणि संसर्ग वेगळे ओळखता येत नाहीत. जनुकांची गोष्ट वेगळी आहे. खपलीतून काढलेल्या डीएनएवर आरपीओ-३० किंवा जीपीसीआर या जनुकांचा क्रम पाहिला, तर गोट पॉक्स आणि लम्पी स्पष्टपणे वेगळे दिसतात. त्यामुळे गोट पॉक्स लस दिलेल्या जनावरांपुरता विषय ठेवलात, तर तो दोन वर्षांत निश्चित होईल. हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी विकसित केलेली लम्पी-प्रोव्हॅक ही लस मात्र लम्पीच्याच विषाणूपासून, रांचीला सापडलेल्या नमुन्यापासून केलेली आहे. तिथे फरक थोडा असल्याने सुमारे दीड लाख बेस-जोड्यांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर, वाचावा लागू शकतो, आणि ते काम पीएच.डी.साठी राखून ठेवावे.

आपल्या काकांची शंका शास्त्राला धरून होती, हेही नोंदवतो. क्रोएशियाने २०१६ मध्ये देशात रोग नसतानाही खबरदारी म्हणून लम्पीच्या विषाणूची जिवंत लस दिली आणि तिथे लसीकरण झालेल्या काही गाईंच्या गाठींत लशीचाच विषाणू सापडला. त्यामुळे आधीच निष्कर्ष ठरवून नमुने गोळा करू नका. लसीकरणाची तारीख, लशीचा बॅच क्रमांक आणि गाठ प्रथम दिसल्याचा दिवस यांची नोंद नसेल, तर उत्तम प्रयोगशाळासुद्धा आपल्याला उत्तर देऊ शकणार नाही. नमुना शक्यतो खपलीचा किंवा गाठीच्या ऊतीचा घ्यावा, कारण रक्तात विषाणू थोडेच दिवस राहतो, तर वाळलेल्या खपलीत तो महिनाभराहूनही अधिक काळ टिकतो.

संस्थेबाबत माझे मत स्पष्ट आहे : गुण मिळाले तर इज्जतनगरला जावे. ही संस्था १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली आणि १८९३ मध्ये, संसर्गजन्य जंतूंवर वस्तीपासून दूर काम करता यावे म्हणून, हिमालयात मुक्तेश्वरला गेली. गोट पॉक्सची उत्तरकाशी वाणाची लस याच संस्थेच्या मुक्तेश्वर येथील विषाणुशास्त्र विभागात तयार झाली आहे. तिथे प्रवेश मिळाला नाही तर परळही उत्तम आहे. फक्त मार्गदर्शक स्वतः पेशीसंवर्धन चालवणारे आहेत ना, एवढे विचारून घ्यावे. तोवर जवळच्या रोगनिदान प्रयोगशाळेत परवानगी काढून डीएनए वेगळा करणे आणि पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची चाचणी) एवढ्या दोनच गोष्टी, हात बसेपर्यंत कराव्यात.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. बॅच क्रमांकाचा विचार मी केलाच नव्हता. गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यात २०२२ च्या लसीकरणाच्या नोंदवह्या असल्या, तर त्या पाहू देण्याची विनंती पशुधन विकास अधिकाऱ्यांना करतो आणि काय हाती लागते ते इथेच कळवतो.