वारज्याचा वन बीएचके, हैदराबादची ऑफर आणि आळेफाटा

कर्वेनगरकरीण

धागा लांबलाय, आधीच माफी.

वय ३४, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये ११ वर्षं, मूळची सांगलीची. कर्वेनगरात हे चौथं भाड्याचं घर. दर ११ महिन्यांनी मालकीणबाई नवा करार करतात आणि दर वेळी विचारतात, "लग्नाचं काही?" मागच्या खेपेला करारात नसलेली एक अटही तोंडी घातली, रात्री दहानंतर पाहुणे नकोत. माझ्याकडे दहानंतर फक्त झोप येते, पण ते त्यांना का सांगू? आता जूनमध्ये त्यांचा मुलगा परत येतोय, म्हणजे घर सोडायचं.

म्हणून वारज्यात एक वन बीएचके पाहिला. १४ वर्षं जुनी इमारत, तिसरा मजला, कार्पेट ४३० चौरस फूट, मागणी ५२ लाख. ओट्यासमोर खिडकी आहे, तिच्यात बरोब्बर तीन कुंड्या मावतील. एजंट पार्किंगचं काहीतरी सांगत होता, मी मनातल्या मनात कुकर लावून मोकळी. साठवलेले १६ लाख आहेत.

त्याच आठवड्यात हैदराबादहून ऑफर आली. पगार ३० टक्क्यांनी जास्त, उत्तर दोन आठवड्यांत द्यायचंय.

आणि तिसरं. विवाहसंस्थळावर ओळख झालेला एक मुलगा (मुलगा कसला, ३६चा आहे) नाशिकला असतो. वडिलांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आता तोच बघतो. सात महिने झाले. तो गाडीने येतो, मी वाकडेवाडीहून एसटीने, आणि भेटतो आळेफाट्याला, कारण ते दोघांनाही साधारण निम्म्यावर पडतं. आमच्या सगळ्या डेट्सना डिझेलचा वास आहे. मला तो आवडतो. गेल्या रविवारी घराचं सांगितलं, तर पाव मोडता मोडता म्हणाला, "मग नाशिकला कधी येणार?" मी म्हटलं, तू विचारलंस कधी? त्यावर त्याने आणखी एक रस्सा मागवला.

बाबा म्हणतात घर घे, पण सोबत माझं नाव लाव. आई म्हणते, घर घेतलेल्या मुलीला स्थळं येत नाहीत. तुम्ही काय केलं असतंत?

निवृत्त_कॅशियर

ताई, लग्नाचं मला विचारू नका, हिशेब सांगतो. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. किमतीत स्टँप ड्युटी धरत नाहीत. समजा ४० लाख कर्ज घेतलंत, तर पदरचे १२. पुणे मनपा हद्दीत ड्युटी ७ टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर राहतं घर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणून ६. ते झाले ३ लाख १२ हजार. नोंदणी ३० हजार. एजंटने एक टक्का मागितला तर ५२ हजार. सोळा लाखांतून सहा हजार उरतात. रंग कशाने देणार?

बाबांचं नाव लावलंत की सूट गेली. ५२ हजारांचं नाव आहे ते, एवढंच त्यांना सांगा. वारसाची काळजी असेल तर मृत्युपत्र करा, ते स्वस्त पडतं.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३४,७०० च्या आसपास येईल. आणि घर व नवी नोकरी एकदम नको. बँक मागच्या महिन्यांच्या पगारपावत्या बघते. मंजुरी आणि चेक यांच्या मध्ये तुम्ही नोकरी बदललीत की फाईल पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षं काउंटरच्या आतून हेच बघितलंय. भोगवटा पत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी बघा, वकिलाकडून मालकीचा सर्च करून घ्या. आणि ५२ ही मागणी आहे, किंमत नव्हे. ४८ म्हणा आणि गप्प बसा.

उगाच_एक

हैदराबाद. बिर्याणी. धागा बंद करा.

ठाकुर्लीची_सुमी

आईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी ३१व्या वर्षी ठाकुर्लीत घेतलं. त्यानंतर आलेल्या एका स्थळाच्या आईने कपातला चहा संपायच्या आत विचारलं, "हप्ते लग्नानंतर कोण भरणार?" बरं झालं, पुढचे पोहे वाचले.

पण एकटीचं घर म्हणजे नुसत्या कुंड्या नव्हेत. पहिल्याच पावसाळ्यात वरच्यांच्या बाथरूममधून गळती लागली, तर चेअरमन मला म्हणे, "मीटिंगला भावाला पाठवा." भाऊ मस्कतला. मीच गेले, छत्री आणि बादली घेऊन. बादली टेबलावर ठेवली.

३७व्या वर्षी लग्न झालं, घर भाड्याने दिलं. भाड्यातून हप्त्याचा जेमतेम निम्मा भाग निघतो, तेव्हा 'भाड्याने देईन' या भरवशावर हैदराबाद गाठू नकोस. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सीचे (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) पैसे अव्वाच्या सव्वा लावले, मी २००१ चा सरकारी आदेश दाखवला: सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत. तो आदेश आजही पर्समध्ये असतो.

तुझ्या नाशिककराबद्दल. दुकान उचलून पुण्यात आणता येत नाही, नोकरी एखाद वेळेस घरून करता येते. म्हणून त्याने गृहीतच धरलंय की तू येणार. मुद्दाम नसेल, पण धरलंय. आळेफाट्यावर हे बोलणं होणार नाही, तिथे दर पाच मिनिटांनी कंडक्टर ओरडतो. त्याला घर दाखवायला बोलाव.

कर्वेनगरकरीण

कॅशियरकाका, ४८ म्हटलं आणि गप्प बसले. फार अवघड गेलं. मालक साडेएकोणपन्नासवर आलेत. बाबांना ५२ हजार सांगितल्यावर ते अर्धा मिनिट शांत, मग म्हणाले, "राहू दे माझं नाव."

हैदराबादवाल्यांना घरून काम चालेल का विचारलं, नाही म्हणाले. मीही नाही कळवलं. रात्री जरा रडू आलं, पगार चांगलाच होता.

सुमीताई, बोलावलं त्याला. आला, खिडकीकडे ढुंकूनही बघितलं नाही, थेट स्विचबोर्ड उघडला. अर्थिंग नाही म्हणे. मग जमिनीवर बसून एजंटच्या कार्डामागे वायरिंगचा अंदाज लिहिला: ओट्यावर तीन पॉइंट, गीझरला वेगळी लाइन, बेडरूममध्ये पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा. मी म्हटलं, एकाच बाजूला पुरे, मी एकटी आहे.

मान वर न करता म्हणाला, "पॉइंट आधीच काढलेला बरा. नंतर भिंत फोडावी लागते."

कार्ड माझ्याकडेच आहे. टोकन सोमवारी देतेय.