दीडशे रुपयांची रबरी काडी आणि माझे हरवलेले अनुस्वार

अर्धविराम:
परवा टॅब्लेटच्या चर्चेत काचेवर लिहायच्या पेनाचा, म्हणजे स्टायलसचा, विषय निघाला आणि तिखटमीठ यांनी शेरा मारला, "स्टायलस म्हणजे शेवटी काडी. दीडशेची घ्या नाहीतर दहा हजारांची, काच तीच." त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. माझा मात्र जीव वरखाली झाला, म्हणून हे लांबण.

मी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा मीही ती दीडशेची काडी आणली होती. टोक हरभऱ्याएवढं. काचेला ते बोटच वाटायला हवं, म्हणून बारीक करून चालत नाही. २.५ लिहिलं की टिंब गायब आणि पोरांच्या वह्यांत २५. एका मुलीने काढलेलं वर्तुळाचं क्षेत्रफळ आमच्या सोसायटीपेक्षा मोठं निघालं. मराठीत 'अंश'चा 'अश', 'चिंच'ची 'चिच'. हात टेकला की पानभर रेघोट्या, म्हणून दोन-दोन तास मनगट अधांतरी. खांद्याचं दुखणं तेव्हापासूनचं आहे. मग पारदर्शक चकतीवाली घेतली. तिची चकती काचेवर सपाट बसावी लागते आणि मी पेन आडवं धरतो. शेवटी टॅबच बदलला. आता काचेखाली पेनासाठी वेगळा थर आहे आणि लिहिण्यापुरती वीज पेनाला तिथूनच मिळते, चार्जिंगची भानगड नाही.

तेव्हा काच तीच नसते, तिखटमीठ! आधी काचेखाली काय आहे ते बघायचं, मग पेन. लोक सॅमसंगच्या टॅब ए नाइनसाठी, ज्यात तो थरच नाही, त्याच कंपनीचं एस पेन मागवतात आणि काहीच उमटत नाही म्हणून पेनाला शिव्या घालतात.

तिखटमीठ:
माझ्या एका ओळीवर एवढं निरूपण! बुक्का लावून बसला होतात का? मी सामान्य माणसाबद्दल बोलत होतो. आमची ही टॅबवर वाण्याची यादी लिहिते आणि कधीमधी पीडीएफवर सही करते. पेन किती दाबलं ते ओळखणाऱ्या ४०९६ पायऱ्या तिला कशाला? तूरडाळ हलक्या हाताने आणि साखर जोर लावून लिहायची आहे का? चिरंजीवांना भारी पेन घेऊन दिलं होतं, अकराव्या दिवशी स्कूलबसमध्ये राहिलं. तेव्हापासून घरात काडीच. आणि स्टीव्ह जॉब्ज यांनीसुद्धा २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टायलसची टर उडवली होती, बरं का.

निबमोड्या:
आणि २०१५ मध्ये त्याच ॲपलने आयपॅडवर लिहायची 'पेन्सिल' काढली. चार्ज करायला आयपॅडच्या बुडात खुपसायची, उसाचं कांडं बाहेर आल्यासारखी. २०२३ ची यूएसबी-सीवाली तर दाब ओळखतच नाही. नाव पेन्सिल, आणि दाबून गडद करायची सोय नाही!

बोरूबहाद्दर:
दाबावर काय भांडताय? देवनागरीची जाडी दाबाने येत नाही, कापाने येते. बोरूचं तोंड तिरकं छाटतात, तेही रोमनच्या उलट बाजूला. टॅबच्या ॲपमधल्या इंग्रजीच्या कोनातल्या ब्रशने 'क' काढून बघा, पोट जिथे भरायला हवं तिथे खपाटीला जातं. ब्रशचा कोन फिरवता येतो का, एवढं तपासा.

आणि अर्धविराम, अनुस्वार काडीने नाही, तुमच्या घाईने जातात. आधी शिरोरेषा, मग अक्षरं, मग सावकाश टिंब. मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ ओढून घेत. ती शिस्त गेली आणि हस्ताक्षरं गेली.

ओवी:
आधी शिरोरेषा?? आमच्या बाईंनी बोटांवर पट्टी मारली असती. शब्द पुरा करायचा, मग रेघ. लांबी आधीच कशी कळणार?

बोरूबहाद्दर:
ज्याला शब्द माहीत असतो, त्याला लांबीही माहीत असते.

ओवी:
असं का! मग 'किंकर्तव्यविमूढ' लिहून फोटो टाका. रेघ आधी ओढलेली दिसली पाहिजे.

निबमोड्या:
मी शिरोरेषाच देत नाही. काचेवर कागदासारखी खरखरीत फिल्म लावली आहे, ती निब खाते. रेघ गाळली की तेवढंच आयुष्य वाढतं.

बोरूबहाद्दर:
शिरोरेषा नको असणाऱ्यांनी गुजरातीत लिहावं.

निबमोड्या:
तीस वर्षं सुरतेत आहे, रोज लिहितो. त्यात कमीपणा काय आहे, ते जरा सांगता का? की अक्षर वळणदार असलं की जिभेला वळण नसलं तरी चालतं?

नवी पाटी:
मधेच विचारते, सॉरी. मुलीच्या क्रोमबुकसाठी कुठलं पेन घेऊ?

ओवी:
यूएसआय (वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालणारं पेनांचं मानक) चालतं असं क्रोमबुकच्या माहितीत लिहिलंय का बघ. असेल तर तेच लिहिलेलं पेन घे. इथल्या पुरुषांच्या नादी लागू नकोस.

अर्धविराम:
शिरोरेषा गाळणाऱ्यांनी 'धन संख्या' आणि 'घन संख्या' लिहून दाखवावं. सगळा फरक रेघेतल्या फटीचा आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे त्यावर मार्क जातात हो! आणि चर्चा पेनाची चालू आहे, याची कुणाला आठवण आहे का?

बोरूबहाद्दर:
फटीचा मुद्दा बिनतोड आहे. सुरतकर, माझं वाक्य मागे घेतो. रेघेबद्दलचं मत नाही.

निबमोड्या:
उपकार झाले.

तिखटमीठ:
अर्धविराम, तुम्ही जिंकलात असं अजिबात नाही. पण काल हिला सहज विचारलं, तर म्हणते यादीत 'तांदूळ'चा नेहमी 'तादूळ' होतो, तिला वाटायचं आपलाच हात चुकतो. मग आठवलं. गेल्या दिवाळीला यादीत १.५ किलो रवा लिहिला होता आणि पंधरा किलो घरी आला. मी वाण्याशी तासभर भांडलो होतो, अजून त्याच्या दुकानासमोरून जात नाही. काडी मी टाकणार नाही, ते सोडा. कुणाला रवा हवा असेल तर कळवा.