मदत हवी आहे: जुनी डी अँड डी मॉड्यूल्स ग्रेहॉकचीच, की कुठेही चालतात?

नमस्कार मंडळी,

आमचं डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) पाचव्या आवृत्तीचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) फरगॉटन रेल्म्स या कल्पित जगात सुरू आहे, डीएम (खेळ चालवणारा) मीच. आता 'टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल' (२०१७) मधली जुनी मॉड्यूल्स (छापील तयार साहसं) घ्यायचा विचार आहे. पुस्तकाला नाव रेल्म्समधल्या वॉटरडीप शहरातल्या खानावळीचं; आत मात्र 'टूम ऑफ हॉरर्स', 'अगेन्स्ट द जायंट्स', 'व्हाइट प्लूम माउंटन'. ही मूळची १९७८-७९ ची, आणि फरगॉटन रेल्म्सचा पहिला बॉक्स (त्या जगाच्या माहितीचा संच) आला १९८७ ला!

ग्रुपमधला एक जण जुन्या पुस्तकांचा कट्टर भक्त आहे. तो म्हणतो, ही ग्रेहॉक या डी अँड डीच्या दुसऱ्या कल्पित जगाची आहेत, तिथून उचललीस तर नुसता सांगाडा हातात येईल. पण ग्रेहॉकची पुस्तिकासुद्धा १९८० ची. म्हणजे साहसं आधी छापली, जग नंतर? 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या जुन्या मॉड्यूलमध्ये तर खुद्द किल्लेदारालाही नाव दिलेलं नाही. मग कुठल्या मॉड्यूलची नाळ खरंच ग्रेहॉकशी आहे? हलवली तर नेमकं काय बिघडतं? जाणकारांनी सांगा.

गुहेतला_गोंधळी: तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. डी अँड डीचा सहनिर्माता गायगॅक्स, त्याच्या घरच्या खेळाचं जग ग्रेहॉकच होतं, पुस्तिका फक्त उशिरा निघाली. पण 'टूम ऑफ हॉरर्स'ची मूळ प्रत काढून बघा. थडगं कुठे ठेवायचं यासाठी त्याने स्वतःच सहा जागा सुचवल्यात: ब्राइट डेझर्ट, निर डिव्ह सरोवरातलं एखादं बेट, व्हास्ट स्वॉम्प वगैरे. सगळ्या ग्रेहॉकमधल्या, हे मान्य. पण ज्याला वाळवंट आणि दलदल दोन्ही चालते, ते थडगं कुठेही चालेल. ते १९७५ मध्ये ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात स्पर्धेसाठी चालवलं होतं. तिथे कोणाला भूगोलाची पडली असणार? 'व्हाइट प्लूम' तर लॉरेन्स शिकने टीएसआरकडे (तेव्हा डी अँड डी छापणारी कंपनी) नोकरी मागताना नमुना म्हणून लिहिलं होतं. ते बिनधास्त हलवा.

जुना_फासा: +१, पण 'व्हिलेज ऑफ हॉमलेट'ला (१९७९) हात लावताना जपून. तिथे ग्रेहॉकमधल्या सेंट कथबर्ट या देवाचं देऊळ, जवळच्या व्हर्बोबॉन्क शहराचं राजकारण, दुष्टांच्या देवळाचा आधी झालेला पाडाव, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. नावं बदलता येतात हो, पण गावातले लोक एकमेकांवर संशय का घेतात हे नव्याने रचावं लागतं. २०१५ च्या 'प्रिन्सेस ऑफ द अपोकॅलिप्स'मध्ये एलिमेंटल ईव्हिल (त्याच देवळामागची दुष्ट शक्ती) रेल्म्सच्या डेसारिन खोऱ्यात आणलं, तेव्हा अख्खी गोष्टच नवी लिहिली. उलट २०१९ च्या 'घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श'ने ग्रेहॉक सोडलंच नाही, आणि माझ्या मते तेच जास्त रंगतं.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. मग 'जायंट्स'पासून सुरुवात करतो. त्यांच्यामागे ड्राऊ (जमिनीखाली राहणारे एल्फ) निघतात, आणि ड्राऊ व त्यांची देवी लोल्थ रेल्म्समध्येही आहेतच, त्यामुळे सांधा कळणार नाही. हॉमलेट सध्या राहू दे.

गुहेतला_गोंधळी: यॉनिंग पोर्टलमध्ये प्रत्येक साहसाच्या सुरुवातीला ते कुठल्या जगात कुठे बसवायचं याच्या सूचना आहेत. मित्राशी वाद घालण्याआधी तेवढं वाचून जा.