अणुयुद्धानंतरचे खानापूर: कादंबरीतले तपशील कितपत पटतील?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

मी एक कादंबरी लिहीत आहे. मुंबई आणि पुण्यावर अणुबॉम्ब पडले आहेत आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या आसपासच्या एका गावात, एक शेतकरी कुटुंब पुढचे दिवस कसे काढते, एवढाच तिचा विषय आहे. घरात म्हातारी आई, भातशेती करणारा थोरला मुलगा, अंगणवाडीत काम करणारी सून आणि शाळकरी नात आहे; धाकटा मुलगा पिंपरीला कारखान्यात असून तो बायको आणि मुलीला घेऊन गावाकडे निघाला आहे. पहिली दोन प्रकरणे बेळगावातील काही वाचनप्रेमी मंडळींना वाचून दाखवली, तेव्हा माणसे खानापूरची वाटतात पण संकट मात्र परदेशी सिनेमातून उचललेले वाटते, असे मत पडले. लुटलेली दुकाने आणि बंदूकधारी टोळ्या यांवर विशेष बोट ठेवले गेले.

स्फोट ज्या गावातून दिसलाही नाही, तिथे नेमके काय पोहोचेल आणि किती वेळाने? लोक खातील काय? महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर काय घडेल? सीमाप्रश्न कथेत आणावा की टाळावा, याचाही माझा निर्णय होत नाही.

निवृत्त_विज्ञानशिक्षक

आपण ऋतू कोणता धरला आहे, हे लिहिलेले नाही. माझ्या मते सर्व काही त्यावर अवलंबून आहे. खानापूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर आणि पुण्यापासून सव्वातीनशे किलोमीटर दक्षिणेला येते. पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे राख नगर-सोलापूरच्या बाजूला जाईल. हिवाळ्यात ईशान्येकडचा वारा ती बरीचशी समुद्रावर नेईल. चैत्र-वैशाखात मात्र किनारपट्टीवर वायव्येचा वारा असतो, आणि दुपारनंतर वळीव कोसळला तर हवेतून जाणारी राख तो आपल्या शिवारात खाली आणतो. म्हणून कथा एप्रिल-मे महिन्यात घडवावी, असे मी सुचवेन. बॉम्ब जमिनीलगत फुटला तरच माती-दगडांची किरणोत्सारी राख मोठ्या प्रमाणात उडते. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला होता, त्यामुळे तिथे अशी राख तुलनेने कमी पडली.

वेळेचा हिशेब साधा आहे. स्फोटानंतरचा काळ सातपट झाला की राखेच्या किरणोत्साराची तीव्रता ढोबळमानाने दहा पटींनी घटते. म्हणजे पहिल्या तासाला जे शंभर असेल ते सात तासांनी दहा आणि दोन दिवसांनी एक उरते. राख खानापूरला पोहोचायला दहा-बारा तास लागतील, म्हणजे तिची सर्वांत वाईट धग वाटेतच निवलेली असेल. गावातले कोणी राखेमुळे जागच्या जागी कोसळणार नाही, आणि पटकथेतला नेहमीचा तो प्रसंग आपण टाळावा.

घराचे वर्णन करताना आपली जुनी घरे उपयोगी पडतील. मातीच्या जाड भिंती चांगला आडोसा देतात, पण कौलांवर साचलेली राख डोक्यावरच राहते. घरातली मंडळी बिनखिडकीच्या माजघरात बसतील आणि वरच्या माळ्यावर भाताची पोती एकमेकांना लावून रचतील, हे शास्त्राला धरून आहे, कारण मधे जितके वजन तितके संरक्षण. सुमारे तीन फूट दाबलेली माती ही तीव्रता हजारपटीने कमी करते.

आता दूध. आयोडीन-१३१ हा पदार्थ गवतावरून जनावराच्या पोटात, तिथून दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत जातो. त्याचे अर्धे आयुष्य आठ दिवसांचे आहे. उन्हाळ्यात जनावरे पिंजरावर, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्यावर, असतात हे कुटुंबाचे नशीब समजावे. गंजीचा वरचा थर काढून टाकला की आतले पिंजर स्वच्छ असते. धोका त्यानंतरचा आहे: वळवानंतर बांधावर कोवळे हिरवे फुटेल, म्हैस तिकडे ओढ घेईल आणि पिंजर संपत आलेले असेल. अंगणवाडीतल्या सुनेला हे कोणी समजावून सांगितले असेल, तर ती गावातल्या लहान मुलांचे दूध बंद करायला निघेल आणि निम्मे गाव तिच्यावर उठेल. तिसरे प्रकरण मला तिथे दिसते. तूप कढवून अडीच-तीन महिने बाजूला ठेवले, तर आयोडीनचा प्रश्न त्यात उरत नाही.

निपाणी_नाका

मास्तरांनी राखेचे सांगितले, मी माणसांचे सांगतो. धाकटा मुलगा पुणे-बंगळूर महामार्गाने येणार आणि कोगनोळीला अडवला जाणार. कोरोनाच्या काळात याच नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचा दाखला मागितला जात होता, आणि ज्यांचे घर अलीकडे व नोकरी पलीकडे होती, त्यांना आपण कुठले हे कागदावर सिद्ध करावे लागत होते. या मुलाच्या आधार कार्डावर पिंपरीचा पत्ता असेल आणि जमिनीचा उतारा थोरल्या भावाच्या नावावर, तोही कन्नडमध्ये. नाक्यावरच्या पोलिसाला खलनायक करू नका; त्याला वरून हुकूम आलेला असेल आणि त्याचीही बहीण इचलकरंजीला दिलेली असेल.

उलट बाजूही विसरू नका. चंदगड तालुका महाराष्ट्रात असला, तरी तिथल्या लोकांचा बाजार आणि दवाखाना बेळगावच. शिनोळीला रस्ता बंद झाला, तर जिचा अणुबॉम्बशी दुरान्वयेही संबंध नाही, अशी बाळंतीण तिथे अडकेल.

सीमाप्रश्न टाळता येणार नाही, पण तो भाषणांतून आणू नये. हिरोशिमातल्या काळ्या पावसाचे उदाहरण पाहावे. स्फोटानंतर शहराच्या पश्चिम भागात काळा पाऊस पडला. पुढे १९७६ साली सरकारने नकाशावर जोरदार पावसाचा पट्टा आखला आणि त्या रेषेच्या आतल्यांनाच मदत दिली. रेषेबाहेर भिजलेल्या ८४ जणांना आपण बाधित आहोत हे हिरोशिमा उच्च न्यायालयाकडून मान्य करून घ्यायला जुलै २०२१ उजाडले. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपले गाव आहे की नाही, हे पाहत म्हातारे झालेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या कादंबरीतही काही महिन्यांनी मदतीची यादी निघेल, दोन राज्यांच्या दोन याद्या निघतील, आणि धाकट्याचे कुटुंब दोन्हींत नसेल.

मलप्रभाकाठ

दोघांचेही आभार. ऋतू मी पावसाळा धरला होता. तो आता वैशाख करतो. परंतु याद्यांवर इतका भर दिला, तर कथा कचेरीतच अडकून पडेल अशी मला शंका वाटते. पोटाचे काय?

धूळवाफ

मी खानापूरकडचा शेतकरी आहे आणि निपाणीकरांशी माझा थोडा मतभेद आहे. नाक्याची भांडणे पहिल्या महिन्यात संपतील. भूक पुढची काही वर्षे पुरेल. हिरोशिमाच्या आकाराचे १०० बॉम्ब शहरांवर पडले, तर जळत्या शहरांतून सुमारे ५० लाख टन काजळी वातावरणाच्या वरच्या थरात जाईल आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सव्वा अंशाने उतरेल, असा अंदाज २००७ सालच्या एका अभ्यासात मांडला होता. जगभरातला पाऊस दहाव्या हिश्शाने घटेल आणि त्याचा मोठा फटका मोसमी पावसाला बसेल, असेही त्यात होते. सव्वा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण आपली सगळी भातशेती मृगाच्या भरवशावर चालते.

कथा मे महिन्यात असेल, तर शेवटच्या आठवड्यात धूळवाफ पेरणीचा, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरण्याचा, प्रश्न उभा राहतो. राख मातीत पडलेली आहे, कोरड्या मातीत कुळव चालवला की धूळ उडणार, आणि पेरणी चुकवली तर वर्ष गेले. थोरला मुलगा तोंडाला ओला पंचा बांधून, वळवाने जमीन ओली झाली की पहाटे पेरेल. कोरड्या धुळीपेक्षा ते बरे. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापणीला येईपर्यंत आयोडीन संपलेले असेल. राखेतले दुसरे किरणोत्सारी द्रव्य, सीझियम, तीस वर्षांत निम्मे होते, म्हणून ते उरेल, पण एवढ्या अंतरावर उपाशी राहण्याच्या तुलनेत त्याची भीती कमी ठरेल.

युरिया येणार नाही, पंपाला वीज नसेल, डिझेल लष्कराकडे जाईल. चिकोडी-अथणीकडचा ऊस उभ्याने वाळेल, आणि कारखाना बंद असेल तर नुसत्या उसाने पोट भरत नाही. आपल्याकडे इंटाण भाताचे बी घरात राखणारे अजूनही आहेत. त्या घरांना एकाएकी मान येईल. त्याहून मोठा आधार रताळ्याचा. त्याला बी विकत घ्यावे लागत नाही, वेलाचे तुकडे लावले की झाले, आणि कमी खतावरही ते येते. वैशाखात फणस आहेत, तेही विसरू नका: जाड साल काढून आतला गरा खायला हरकत नाही. करवंदे मात्र सालीसकट खाल्ली जातात, तेव्हा पोरांना रानातून हाकलत बसणारी म्हातारी मला या कादंबरीत हवीच आहे.

टोळ्यांबद्दल वाचकांनी सांगितले ते बरोबर आहे. आपल्याकडे चोरी होईल ती रात्री, बंदूक न दाखवता, आणि ती बियाण्याच्या भाताची होईल. चोर कोण, हे सगळ्यांना ठाऊक असेल.

वडगावची_वाचक

धाकट्याच्या मुलीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ती पिंपरीहून आली आहे, म्हणजे गावाच्या लेखी ती भाजलेल्या ठिकाणाहून आली आहे. किरणोत्साराचा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अंगावरची धूळ धुतली, कपडे पुरले की तिच्यापासून कोणालाही धोका नाही. तरीही आडावर तिची कळशी वेगळी ठेवली जाईल. सुरुवातीला उलट्या होतात, मग काही दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागतात, हा क्रम लेखकाने नीट पाळावा. मधल्या बऱ्या दिवसांत घरात सत्यनारायण घातला, तर तो प्रसंग मी तरी विसरणार नाही.

आणि कथा एका वर्षात संपवू नका. जपानमध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांना नोकऱ्या आणि स्थळे नाकारली गेली, पुष्कळांनी आपण त्या दिवशी कुठे होतो हे आयुष्यभर लपवले. वाचलेल्यांच्या बॉम्बनंतर जन्मलेल्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचे तिथल्या दीर्घ अभ्यासांत आढळलेले नाही, पण सोयरीक जुळवणारे अभ्यास वाचत नाहीत. दहा वर्षांनी मुलगी पाहायला आलेली मंडळी चहा घेता घेता सहज विचारतील, "तुम्ही त्या वेळी गावीच होता ना?" आजीने काय उत्तर द्यायचे, हे लेखकाने ठरवावे. ती खोटे बोलेल असे मला वाटते, आणि सून तिच्याकडे पाहणार नाही.

धूळवाफ

ताईंचे पटले. एक राहिले: मीठ. साठवण संपली की ते गोव्याकडून चोर्ला घाटाने आणावे लागेल, म्हणजे तिसऱ्या राज्याची हद्द. तिथला परवाना मराठीत मागायचा, कोकणीत की कन्नडमध्ये, हे निपाणीकरांनी सांगावे.